मेटा टॅग असूनही मराठी अक्षरे का बिघडतात? ब्राउझर पानाचे एन्कोडिंग कसे ठरवतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: एचटीएमएल फाईल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या एका पद्धतीत, जतन केली आहे, पानाच्या शीर्षभागात यूटीएफ-८ सांगणारा मेटा टॅगही आहे. फाईल स्वतःच्या संगणकावरून थेट उघडली की मराठी मजकूर व्यवस्थित दिसतो, पण तीच सर्व्हरवर चढवली की मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि चलनचिन्हे यांची रांग उमटते. त्यातही त्याच संकेतस्थळावरची काही पाने बिघडतात आणि काही ठीक राहतात. मग ब्राउझर नेमके कोणाचे ऐकतो, असे तुम्ही विचारले आहे.

प्रश्नाचा मथळा मेटा टॅगविषयी आहे, पण तुमच्या वर्णनावरून मला वाटते की खरी अडचण वेगळी आहे. पानाच्या एन्कोडिंगविषयी ब्राउझरला एकाच वेळी अनेक ठिकाणांहून माहिती मिळत असते आणि त्या ठिकाणांमध्ये मानाचा एक ठरलेला क्रम आहे. मेटा टॅग त्या क्रमात बराच खाली येतो. तुमच्या बाबतीत त्याच्या वरचे कोणीतरी वेगळे काही सांगत असावे. ते कोण, हे सर्व्हरच्या मांडणीवर अवलंबून असल्यामुळे दुरून खात्रीने सांगता येणार नाही. मात्र तुम्ही दिलेल्या दोन खुणा, म्हणजे घरच्या संगणकावर ठीक दिसणे आणि काहीच पाने बिघडणे, शंका बरीच अरुंद करतात.

आधी एक मूलभूत गोष्ट. ब्राउझरपर्यंत अक्षरे कधीच येत नाहीत. येतात ते बाइट. 'म' या अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे सर्व लिप्यांच्या सामाईक यादीतला त्याचा क्रमांक, षोडशमान पद्धतीत ०९२ई असा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये तो ई०, ए४, एई या तीन बाइटांत लिहिला जातो. हेच तीन बाइट कोणी विंडोज-१२५२ या पश्चिम युरोपीय भाषांसाठीच्या जुन्या एन्कोडिंगने वाचले, तर तिथे एका बाइटाचे एक चिन्ह होत असल्यामुळे स्वरखूण लावलेला रोमन 'ए', चलनाचे गोल चिन्ह आणि नोंदणीकृत व्यापारचिन्हाची खूण अशी तीन चिन्हे दिसतात. 'मराठी' या शब्दात मात्रांसह पाच युनिकोड क्रमांक आहेत, म्हणजे पंधरा बाइट, म्हणजे चुकीच्या वाचनात पंधरा चिन्हे. देवनागरीच्या मूळ गटातल्या प्रत्येक अक्षराचे यूटीएफ-८ रूप ई० ए४ किंवा ई० ए५ यांनीच सुरू होते. म्हणून बिघडलेल्या मराठी मजकुरात तो खुणेचा 'ए' आणि त्यामागून चलनाचे गोल चिन्ह किंवा येनचे चिन्ह अशी जोडी पुन्हा पुन्हा येते. ही जोडी दिसली की निदान जवळजवळ पक्के होते: बाइट यूटीएफ-८ चे आहेत आणि कोणीतरी ते विंडोज-१२५२ समजून वाचले आहेत. तुमच्या वर्णनातली चलनचिन्हे हीच असावीत.

आता मानाचा क्रम. सर्वांत वर आहे बाइट ऑर्डर मार्क, ज्याला बोलताना आपण बॉम म्हणतो. फाईलच्या अगदी सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट आढळले तर ब्राउझर पान यूटीएफ-८ मानतो; एफई एफएफ किंवा एफएफ एफई आढळले तर यूटीएफ-१६ चा संबंधित प्रकार मानतो. पुढे कोणी काहीही सांगितले तरी हा निर्णय बदलत नाही. त्याखाली सर्व्हरने प्रतिसादासोबत पाठवलेले कंटेंट-टाइप हे हेडर, म्हणजे पानाविषयी माहिती देणारी ओळ, येते. त्यात कॅरसेट, म्हणजे एन्कोडिंगचे नाव, नमूद असेल आणि ते नाव ब्राउझरला माहीत असेल, तर तोही अंतिम शब्द. हे दोन्ही नसतील तरच ब्राउझर पानाचे पहिले १०२४ बाइट चाळून मेटा टॅग शोधतो. तिथे मिळालेली माहिती तो स्वीकारतो, पण 'तात्पुरती' या दर्जाने. तेही नसेल तर उरतो तो अंदाज.

मेटा टॅगपेक्षा हेडर वरचढ का, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, कारण पान लिहिणाऱ्यालाच त्याचे एन्कोडिंग जास्त ठाऊक असते हे कोणालाही पटेल. त्यामागची एक बाजू अशी की मेटा टॅग वाचण्यासाठी बाइटांचा अर्थ आधीच थोडाफार लावावा लागतो. बहुतेक एन्कोडिंगांमध्ये मूळ रोमन अक्षरे आस्की या जुन्या रोमन एन्कोडिंगप्रमाणेच असतात, एवढ्या भरवशावरच तो शोध चालतो. हेडर मात्र पानाच्या बाहेर असते आणि पानाच्या आधी येते. दुसरी बाजू म्हणजे वाटेतला एखादा मध्यस्थ सर्व्हर मजकुराचे एन्कोडिंग बदलून पुढे पाठवू शकत असे. तेव्हा तो हेडर बदले, पण पानाच्या आतला टॅग मात्र जुनाच राही. आज असे रूपांतर मी कुठे पाहत नाही, पण नियम तसाच राहिला आहे आणि सगळे ब्राउझर तो पाळतात.

तुमच्या प्रश्नातली 'काहीच पाने' ही खूण मला इथेच घेऊन येते. काही सर्व्हरांच्या मांडणीत अशी एक ओळ असते की ज्या एचटीएमएल प्रतिसादावर कॅरसेट लिहिलेला नाही, त्यावर ठरावीक कॅरसेट आपोआप जोडावा. अपाची सर्व्हरमध्ये यासाठी स्वतंत्र सूचना आहे. ती ओळ कोणीतरी फार पूर्वी आयएसओ-८८५९-१ या नावाने लिहून ठेवलेली असते आणि पुढे तिची आठवण कोणालाच राहत नाही. प्रोग्रॅमने तयार होणारी पाने बहुधा स्वतःच यूटीएफ-८ चे हेडर पाठवतात, म्हणून त्यांना या ओळीचा स्पर्श होत नाही. जशीच्या तशी पाठवली जाणारी साधी फाईल मात्र तिच्या तावडीत सापडते. एका संस्थेच्या संकेतस्थळावर मी हा प्रकार दोन दिवस शोधत होते. संपादक, डेटाबेस, फाँट असे सगळे तपासून झाले आणि शेवटी हेडर पाहिल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. तेव्हापासून मी पहिली नजर हेडरवरच टाकते.

तपासणी सोपी आहे. ब्राउझरची विकासकांसाठीची साधने उघडा, नेटवर्कच्या विभागात पान पुन्हा लोड करा आणि पहिल्याच विनंतीच्या प्रतिसादातले कंटेंट-टाइप वाचा. त्याच साधनांच्या कन्सोलमध्ये दस्तऐवजाचा कॅरॅक्टरसेट हा गुणधर्म विचारला तर ब्राउझरने शेवटी काय ठरवले तेही कळते. इथे एका गोष्टीने गोंधळू नका. हेडरमध्ये आयएसओ-८८५९-१ लिहिलेले असताना ब्राउझर 'विंडोज-१२५२' असे उत्तर देईल, जरी हे नाव तुम्ही किंवा सर्व्हरने कुठेच लिहिलेले नसले. वेबवरच्या एन्कोडिंगांचे प्रमाण ठरवणाऱ्या दस्तऐवजात आयएसओ-८८५९-१, लॅटिन-१ आणि आस्की ही तिन्ही नावे विंडोज-१२५२ कडेच वळवलेली आहेत. असंख्य जुन्या पानांवर नाव एकाचे आणि बाइट दुसऱ्याचे असत. ती पाने वाचता यावीत म्हणून ब्राउझरांनी पाडलेला प्रघात पुढे प्रमाणात आला.

हेडर दोषी ठरले तर उपाय दोन. शक्य असेल तर ती ओळ यूटीएफ-८ करा किंवा काढून टाका. सर्व्हर तुमच्या हातात नसेल, तर फाईल बॉमसह जतन करता येते, कारण बॉम हेडरच्याही वर आहे. मी हा दुसरा मार्ग नाइलाज म्हणूनच सुचवते. पीएचपीसारख्या भाषेतल्या फाईलच्या सुरुवातीला बॉम असला की ते तीन बाइट हेडरांच्या आधीच बाहेर पडू शकतात आणि मग पुढे हेडर पाठवताना चूक येते. साध्या एचटीएमएल फाईलला मात्र त्याने काही अपाय होत नाही.

आता तुमची दुसरी खूण: घरच्या संगणकावर पान ठीक दिसते. पहिले कारण उघड आहे. फाईल थेट उघडली की मध्ये सर्व्हर नसतो, म्हणून हेडरही नसते आणि मेटा टॅगला वाव मिळतो. पण आणखी एक कारण आहे, आणि ते फारच थोड्यांना ठाऊक असते म्हणून त्यावर थोडे थांबते. समजा पानात मेटा टॅगच नाही. तरीही क्रोम आणि फायरफॉक्समध्ये घरच्या संगणकावरची यूटीएफ-८ फाईल बहुधा नीट दिसेल, कारण अशा फाईलचे बाइट तपासून ती यूटीएफ-८ आहे हे ते ओळखतात. तीच फाईल टॅगविना आणि हेडरविना नेटवर्कवरून आली, तर हे दोन्ही ब्राउझर यूटीएफ-८ चा अंदाज करण्याचे जाणीवपूर्वक टाळतात.

हे पहिल्यांदा ऐकले की चमत्कारिक वाटते, कारण यूटीएफ-८ ओळखणे इतर कोणत्याही एन्कोडिंगपेक्षा सोपे आहे. त्याच्या बाइटांची रचना इतकी नेमकी आहे की दुसऱ्या एन्कोडिंगमधला लांब मजकूर योगायोगाने त्या साच्यात बसणे जवळजवळ अशक्य असते. टाळण्याचे कारण असे की नेटवर्कवरून पान तुकड्यातुकड्यांनी येते आणि ब्राउझरला पहिल्या तुकड्यापासूनच ते दाखवायला घ्यायचे असते. पहिल्या काही हजार बाइटांत नुसता रोमन मजकूर असेल तर निर्णयाला आधारच मिळत नाही, आणि पुढे देवनागरी आली की मागचे सगळे पुन्हा करावे लागते. शिवाय ब्राउझर ओळखून घेतो म्हटल्यावर नवी पाने लिहिणारे एन्कोडिंगची घोषणा करणेच सोडतील आणि सगळी वेब अंदाजावर उभी राहील, अशी रास्त भीती होती. म्हणून नेटवर्कवरच्या अंदाजाचे काम जुन्या, घोषणा नसलेल्या आणि जुन्या एन्कोडिंगांमध्ये लिहिलेल्या पानांपुरतेच ठेवले गेले. फायरफॉक्समध्ये असा नवा अंदाजक २०२० साली ७३व्या आवृत्तीत आला, आणि क्रोमचे वागणेही याच तत्त्वावर आहे.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी याचा परिणाम फार स्पष्ट आहे. अंदाज ज्या जुन्या एन्कोडिंगांमधून केला जातो त्यांत सिरिलिकसाठी विंडोज-१२५१ आहे, जपानीसाठी शिफ्ट-जेआयएस आहे, पारंपरिक चिनीसाठी बिग-५ आहे, थाई, ग्रीक, अरबी यांच्यासाठीही आहेत. देवनागरीसाठी त्यांत एकही नाही. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली प्रमाणित झालेले इस्की हे एन्कोडिंग वेबच्या या प्रमाणात कधी आलेच नाही. त्यामुळे घोषणा नसलेल्या रशियन किंवा जपानी जुन्या पानाचा अंदाज बरोबर निघण्याची बरी शक्यता असते, पण घोषणा नसलेल्या मराठी पानासाठी अंदाजाच्या यादीत बरोबर उत्तरच नसते. एखादे घोषणा नसलेले पान त्याच संकेतस्थळाच्या यूटीएफ-८ पानातल्या चौकटीत (फ्रेममध्ये) उघडले तर बाहेरच्या पानाचे एन्कोडिंग त्याला मिळते आणि ते नीट दिसते, पण तो वारसा झाला. त्याला ओळखणे म्हणता येणार नाही.

यावरून कामाची एक सवय लागायला हवी: घरच्या संगणकावर फाईल उघडून केलेली एन्कोडिंगची तपासणी पुरावा म्हणून धरू नये. स्वतःच्याच संगणकावर एखादा छोटा सर्व्हर चालवून त्यातून पान मागवले तरी निम्मेच काम होते, कारण त्याचे हेडर आणि खऱ्या सर्व्हरचे हेडर एकसारखे असेलच असे नाही. खरी परीक्षा खऱ्या पत्त्यावरच होते.

मेटा टॅगविषयी तुम्ही स्वतंत्रपणे विचारले नसले तरी तो कुठे ठेवायचा हे सांगणे आवश्यक आहे. प्रमाणाप्रमाणे तो टॅग संपूर्णपणे पहिल्या १०२४ बाइटांत असला पाहिजे, आणि देवनागरीत ही मर्यादा वाटते त्याहून लवकर संपते. साडेतीनशे अक्षरे आणि मात्रा यांची एखादी टीप शीर्षभागाच्या सुरुवातीला लिहिली की १०५० बाइट तिथेच खर्च होतात. काही ब्राउझर पुढेही शोधतात, आणि टॅग उशिरा सापडला तर वाचलेले टाकून पान पहिल्यापासून पुन्हा वाचतात, कधी पुन्हा मागवतातही. म्हणजे पान अखेर नीट दिसेल, पण उशीर होईल आणि तोवर सुरू झालेल्या स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालू शकतील. म्हणून मी हा टॅग शीर्षभागाची पहिलीच ओळ म्हणून लिहिते, पानाच्या शीर्षकाच्याही आधी.

इतर फाईलींचे नियम थोडे वेगळे आहेत. पानाची सजावट ठरवणारे शैलीपत्रक (सीएसएस) आणि जुन्या पद्धतीची स्क्रिप्ट यांच्यावर वेगळी घोषणा नसेल तर त्या आपल्या पानाचेच एन्कोडिंग घेतात. मॉड्यूल प्रकारची स्क्रिप्ट मात्र नेहमी यूटीएफ-८ म्हणूनच वाचली जाते. म्हणून पानाचे एन्कोडिंग चुकले की कधी कधी स्क्रिप्टमधून उमटणारा मजकूरही बिघडतो आणि माणूस स्क्रिप्टमध्ये दोष शोधत बसतो. अर्ज भरून घेणाऱ्या पानांत धोका अधिक आहे. पान विंडोज-१२५२ ठरले आणि कोणी त्यात 'म' लिहिला, तर त्या एन्कोडिंगमध्ये हे अक्षर नसल्यामुळे ब्राउझर त्याच्या जागी अँपरसँड, हॅशचे चिन्ह, २३५० हा आकडा आणि अर्धविराम अशी चिन्हमाला पाठवतो आणि तीच डेटाबेसमध्ये जाऊन बसते. तुमच्या बिघडलेल्या पानांपैकी एखाद्यावर अर्ज असेल तर साठलेली माहिती आजच पाहून घ्या.

इथवरचे एका दमात सांगायचे तर बॉम, मग हेडर, मग मेटा टॅग, मग चौकटीचा वारसा आणि अंदाज. तुमच्याकडे मेटा टॅग आहे आणि तरीही सर्व्हरवर पान बिघडते, म्हणून पहिला संशय हेडरवर आणि दुसरा टॅगच्या जागेवर.

तिसरी शक्यता उरते, आणि ती टाळून चालणार नाही. हेडर यूटीएफ-८ सांगत असेल, ब्राउझरही यूटीएफ-८ ठरवत असेल आणि तरी तीच चलनचिन्हांची रांग दिसत असेल, तर ब्राउझर निर्दोष आहे. मजकूर आधीच कुठेतरी चुकीचा वाचून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिला गेला आहे, आणि ब्राउझर ती चूक इमानाने दाखवतो आहे. डेटाबेसच्या जोडणीचे एन्कोडिंग वेगळे ठरले असेल तर हे हमखास घडते. फाईल षोडशमान रूपात उघडून पाहिली की खात्री होते: निरोगी 'म' तीन बाइटांचा असतो, तर दुहेरी रूपांतर झालेल्या 'म'चे सहा बाइट होतात आणि सुरुवात सी३ ए० अशी होते. मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसत असतील तर मूळ बाइट साठवतानाच गेले आहेत आणि ब्राउझरच्या बाजूने काहीही केले तरी ते परत येणार नाहीत. काळ्या चौकोनी खड्यात पांढरे प्रश्नचिन्ह दिसले तर उलटी परिस्थिती आहे, म्हणजे ब्राउझर यूटीएफ-८ समजून वाचतो आहे पण बाइट त्या साच्यात बसत नाहीत. रिकाम्या चौकटी दिसल्या तर एन्कोडिंग ठीक आहे, फाँट नाही.

दुहेरी रूपांतर झालेला मजकूर उलट प्रक्रियेने पुष्कळदा पूर्ववत करता येतो, पण देवनागरीत त्याला एक विशिष्ट अडथळा आहे. विंडोज-१२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच बाइटांना कोणतेही दृश्य अक्षर नेमलेले नाही. ब्राउझर त्यांच्या जागी न दिसणारी नियंत्रणचिन्हे धरतात. रूपांतर करणारी काही साधने मात्र त्या बाइटावर अडतात किंवा तिथे प्रश्नचिन्ह टाकून पुढे जातात. दुर्दैवाने हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी आहे, ऱ्हस्व उकाराच्या मात्रेचा ८१, 'ए'चा ८एफ, 'ऐ'चा ९० आणि 'झ'चा ९डी. म्हणजे रूपांतरात काही हरवलेच, तर जोडाक्षरे आणि ऱ्हस्व उकार सर्वांत आधी जातात, आणि त्यांच्याशिवाय मराठीचे एक वाक्यही धड उभे राहत नाही. म्हणून बिघडलेला मजकूर पडद्यावरून निवडून दुसरीकडे चिकटवू नका आणि बिघडलेल्या अवस्थेत फाईल संपादकातून पुन्हा जतनही करू नका. सर्व्हरवरच्या मूळ फाईलची किंवा डेटाबेसची बाइटन्‌बाइट प्रत आधी बाजूला काढून ठेवा, मग हेडर पाहा. हेडरमध्ये आयएसओ-८८५९-१ आढळले, तर मजकुराला हात लावण्याची गरजच पडणार नाही.